अल्पवयीन मुलांनी केलेले खून आणि कठोर शिक्षेची मागणी : आपण नेमके काय मागतो आहोत?

प्राजक्त

२७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातील एका कैद्याच्या सुटकेचा आदेश दिला. ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यातील एका घरात पाच स्त्रिया आणि दोन लहान मुले यांची हत्या झाली होती, त्या खटल्यातील हा एक आरोपी. १९९८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. खटला चालला तो त्याला सज्ञान समजून. पुढे राजस्थानातील शाळेचे दाखले समोर आले, सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडून त्यांची चौकशी करवून घेतली आणि अखेर गुन्ह्याच्या दिवशी त्याचे वय साडेबारा वर्षे होते हे मान्य केले. तोवर त्याने २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता, आणि त्यातला मोठा भाग फाशीची शिक्षा डोक्यावर असताना. त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ चा हेतूच तो आहे. ज्या कुटुंबातील सात जण गेले त्यांचेही नाव लिहिण्याची गरज मला वाटत नाही.

हा धागा काढण्यामागे तो निकाल आहे. किशोरवयीन मुलाच्या हातून खून झाल्याची बातमी आली की चर्चा ताबडतोब वर्षांच्या आकड्यावर जाते: तीन वर्षे पुरेत का, जन्मठेप का नको, फाशी का नको, सज्ञानतेचे वय सोळावर किंवा चौदावर का आणू नये. त्या कुटुंबावर कोसळलेले दुःख इतके मोठे असते की या मागणीला कोणी हरकत घेतली तर तो निर्दय वाटतो. पण पुण्याच्या त्या खटल्यात देशातील सर्वांत कठोर शिक्षा दिली गेली, तीन पायऱ्यांवर तपासून दिली गेली, आणि तरीही आरोपी मूल आहे का हा प्रश्न त्या प्रवासात वेळेवर सुटलाच नाही. याचा त्रास त्या मुलाला झाला तसा मृतांच्या नातेवाइकांनाही झाला असणार, कारण ज्या शिक्षेवर त्यांनी न्याय म्हणून विश्वास ठेवला ती जवळजवळ तीन दशकांनी मुळातच चुकीची ठरली.

दुसरी गोष्ट कायद्याची. २००० च्या बाल न्याय कायद्यात अठरा वर्षांखालील कोणालाही, गुन्हा कोणताही असो, विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येत असे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर यावर देशभर संताप उसळला. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ च्या अहवालात वय कमी करण्याची शिफारस केली नाही, संसदेच्या स्थायी समितीनेही नव्या विधेयकातील सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर सज्ञानांप्रमाणे खटला चालवण्याच्या तरतुदीला विरोध नोंदवला, तरीही २० डिसेंबर २०१५ रोजी त्या प्रकरणातील अल्पवयीन आरोपी सुटल्यावर दोनच दिवसांत राज्यसभेने विधेयक मंजूर केले. १५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या या कायद्यानुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अघोर गुन्हा केल्याचा आरोप असेल तर त्याच्यावर सज्ञान व्यक्तीप्रमाणे खटला चालवता येतो. म्हणजे खुनासाठी जन्मठेप आजही देता येते. आपल्याकडे ज्या कठोरतेची मागणी होते तिचा मोठा भाग कायद्यात कधीच आलेला आहे, आणि हे बहुतेक चर्चांत कोणी सांगत नाही.

माझे मत स्पष्ट लिहितो. काही प्रकरणांत दीर्घ शिक्षा योग्य असू शकते हे मी नाकारत नाही. पण मूल म्हणून की सज्ञान म्हणून हा निर्णय आपण ज्या पद्धतीने घेतो ती पद्धत इतकी कच्ची आहे, की तिच्यावर आणखी कठोर शिक्षांचा भार टाकणे मला अन्यायाचे वाटते. कठोरता हवी असेल तर ती आधी वयाच्या चौकशीत आणि मूल्यांकनात असायला हवी. सर्वांची मते वाचायला आवडतील, विशेषतः ज्यांचा या व्यवस्थेशी प्रत्यक्ष संबंध आला आहे त्यांची.

कृष्णाकाठ

प्राजक्त, आपण मांडणी प्रामाणिकपणे केली आहे, म्हणून तितक्याच प्रामाणिकपणे असहमती नोंदवतो.

साडेबारा वर्षांच्या मुलाला फाशी सुनावली जाणे भयंकर आहे, याबद्दल दुमत नाही. पण अपवादात्मक चुकीवरून सर्वसाधारण धोरण ठरवता येत नाही. आज पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर या शहरांत कोयते घेऊन फिरणारी, भर रस्त्यात माणसावर वार करून त्याची चित्रफीत पसरवणारी मुले साडेबारा वर्षांची नाहीत. ती सोळा-सतराची आहेत, आणि आपल्याला फारशी शिक्षा होणार नाही हे त्यांना पक्के माहीत आहे. त्यांना माहीत नसले तरी त्यांना पुढे करणाऱ्यांना नक्की माहीत आहे. टोळीतल्या सज्ञान माणसाने स्वतः मागे राहायचे आणि वार करायला अल्पवयीन मुलाला पाठवायचे, हा प्रकार कायद्याच्या सौम्यपणामुळेच शक्य झाला आहे. अशा वेळी कायदा सौम्य ठेवणे म्हणजे त्या मुलांचे रक्षण नव्हे. त्यांना वापरणाऱ्यांचे काम सोपे करणे आहे.

वयाच्या दाखल्यांबद्दलही बोलायला हवे. आपल्या खेड्यांत एका पिढीतील निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत घालताना गुरुजींनी ती लिहिली. अशा दाखल्यावर खुनाच्या खटल्यातील शिक्षा उलटावी का? आणि ज्या आईचा मुलगा गेला तिला आपण काय सांगणार, की मारणारा सतरा वर्षे दहा महिन्यांचा होता म्हणून त्याचे सगळे वेगळे? दोन महिन्यांनी त्याच्या हातात काय बदलणार होते?

कोर्टकचेरी

वकिली व्यवसायातील असल्यामुळे आधी कायद्याची बाजू नीट मांडतो, म्हणजे वाद खऱ्या मुद्द्यावर होईल.

कृष्णाकाठ, सतरा वर्षे दहा महिन्यांच्या मुलाचे ‘सगळे वेगळे’ असते हे २०१६ नंतर खरे नाही. अघोर गुन्हा म्हणजे ज्याची किमान शिक्षा सात वर्षे किंवा त्याहून अधिक आहे तो गुन्हा. खून अर्थातच त्यात येतो. अशा वेळी बाल न्याय मंडळ कलम १५ खाली प्राथमिक मूल्यांकन करते: असा गुन्हा करण्याची मुलाची मानसिक आणि शारीरिक क्षमता, त्याचे परिणाम समजण्याची पात्रता, आणि ज्या परिस्थितीत तो घडल्याचे म्हटले आहे ती परिस्थिती. मंडळाला पटले तर प्रकरण बालन्यायालयाकडे, म्हणजे मुलांच्या प्रकरणांसाठी नेमलेल्या सत्र न्यायालयाकडे, जाते आणि तेथे सज्ञान व्यक्तीप्रमाणे खटला चालवावा की नाही हे पुन्हा तपासले जाते. दोषी ठरल्यास एकविसाव्या वर्षापर्यंत मुलाला सुरक्षित स्थानात, म्हणजे तुरुंगाऐवजी अशा मुलांसाठी असलेल्या वेगळ्या संस्थेत, ठेवतात आणि शिक्षा उरली असेल तर नंतर तुरुंगात पाठवता येते. फाशी आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप या दोन शिक्षा मात्र कलम २१ नुसार देता येत नाहीत. ही एवढीच मर्यादा आहे.

या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी चर्चिलेले कलम माझ्या मते कलम २० आहे. मूल एकवीस वर्षांचे झाले की बालन्यायालयाने त्याचे पुन्हा मूल्यांकन करायचे असते, त्याच्यात काय बदल झाला आणि तो समाजाचा उपयुक्त घटक होऊ शकेल का हे पाहायचे असते, आणि त्यानंतर अटींवर सोडायचे की उरलेली शिक्षा भोगायला तुरुंगात पाठवायचे हे ठरवायचे असते. म्हणजे कठोर शिक्षा देण्याचा आणि ती योग्य वेळी तपासून पाहण्याचा, असे दोन्ही अधिकार कायद्याने न्यायालयाला दिलेले आहेत. वय खाली आणण्याची मागणी करणाऱ्यांपैकी आणि तिला विरोध करणाऱ्यांपैकीही फार थोडे जण या कलमाबद्दल बोलतात.

टोळ्यांचा मुद्दा खरा आहे, पण त्यावरचा उपाय मुलाची शिक्षा वाढवणे हा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला गुन्ह्यासाठी कामाला लावणाऱ्याला तीन ते दहा वर्षे कारावास आहे, आणि तो गुन्हा प्रत्यक्ष घडला तर तो त्यानेच केला असे समजून त्या गुन्ह्याचीही शिक्षा आहे. म्हणजे मुलाकरवी खून करवून घेणाऱ्याला थेट खुनाची शिक्षा होऊ शकते. बाल न्याय अधिनियमातही कलम ८३ आहेच. प्रत्येक कोयता-प्रकरणात मुलामागे कोण आहे याचा तपास होऊन हे कलम लावले जाते का, हा प्रश्न आपण पोलिसांना विचारायला हवा.

जन्मतारखेबद्दल: कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि यांपैकी काहीच नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी, कारण त्या तपासणीत वर्ष-दोन वर्षांचा फरक सहज पडतो. दाखला खोटा असल्याचा संशय असेल तर न्यायालय चौकशी करते. पुण्याच्या प्रकरणात तशीच केली गेली. वयाचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, शिक्षा अंतिम झाल्यावरही, मांडता येतो. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डेहराडूनमधील १९९४ च्या एका हत्याकांडातील कैद्यालाही असेच सोडले. गुन्ह्याच्या वेळी तो चौदा वर्षांचा होता, आणि त्यालाही आधी फाशी झाली होती. दोन वेगळ्या राज्यांत एकाच वर्षी घडलेली ही दोन प्रकरणे आहेत, त्यामुळे याला अपवादात्मक चूक म्हणायला माझे मन धजत नाही. दोघेही गरीब, घरापासून दूर मजुरी करणारे होते आणि दोघांनाही सुरुवातीला आपल्या वयाची बाजू नीट मांडणारे कोणी मिळाले नाही.

परिवीक्षा

बाल न्याय मंडळासमोर येणाऱ्या मुलांच्या घरी जाऊन सामाजिक तपासणी अहवाल तयार करण्याचे काम मी काही वर्षे केले आहे. त्या अनुभवावर आधारित थोडे सविस्तर लिहिते, कारण कलम १५ चे मूल्यांकन प्रत्यक्षात कसे होते हे बाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते.

मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी निदान एक स्त्री असावी लागते. मूल हजर केल्यापासून दोन आठवड्यांत परिवीक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) अहवाल द्यायचा असतो आणि तीन महिन्यांत मूल्यांकन संपावे अशी कायद्याची अपेक्षा आहे. दोन आठवड्यांत आम्ही काय पाहतो? घर कोठे आहे, वडील काय करतात, दारू आहे का, मारहाण आहे का, शाळा कधी सुटली, मित्र कोण. खुनाच्या प्रकरणात बहुतेक वेळा घराला कुलूप असते, कारण कुटुंब भीतीने गाव सोडून गेलेले असते. शेजारी बोलत नाहीत. शाळेतून मिळतो तो फक्त हजेरीचा उतारा. मग मूल जे सांगेल त्यावर बराचसा अहवाल उभा राहतो.

आणि मुलाने काय सांगावे? इथे या पद्धतीतील सर्वांत अवघड गाठ आहे. खटला अजून सुरू झालेला नाही, आरोप सिद्ध झालेला नाही, मुलाला गप्प राहण्याचा अधिकार आहे. तरी मूल्यांकनासाठी त्या घटनेविषयी बोलणे भाग पडते. त्याने सगळे नीट सांगितले तर ‘परिणामांची पूर्ण जाण होती’ असे नोंदले जाण्याचा धोका. त्याने काहीच सांगितले नाही तर ‘पश्चात्ताप दिसत नाही’ असे. मी पाहिलेल्या मुलांपैकी कित्येक जण पहिल्या भेटीत फक्त आई कधी येणार हे विचारत होती, आणि त्याच मुलांनी अत्यंत क्रूर कृत्य केल्याचे आरोप होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे पचवायला मलाही वेळ लागला.

शारीरिक क्षमतेच्या रकान्यात अनेकदा उंची, वजन आणि ‘सुदृढ’ एवढेच असते. शस्त्र उचलता येईल एवढी ताकद सोळाव्या वर्षी जवळजवळ प्रत्येकाकडे असते, त्यामुळे या निकषाने काहीच वेगळे कळत नाही. मानसिक क्षमता म्हणून बुद्ध्यांकाचा आकडा जोडला जातो. गुरुग्राममधील एका शाळेत सप्टेंबर २०१७ मध्ये सात वर्षांच्या मुलाचा खून झाला होता. त्या प्रकरणात १३ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच उणिवेवर बोट ठेवले. सरासरी बुद्धीच्या मुलाला आपल्या कृतीच्या परिणामांचे बौद्धिक ज्ञान असेलही, पण त्याचा स्वतःवर आणि भावनांवर ताबा राहतो का हा वेगळा प्रश्न आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. मंडळात बालमानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्र जाणणारा सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणे बंधनकारक ठरेल, असेही न्यायालयाने सांगितले. कायद्यात मात्र २०१६ पासून ‘घेऊ शकेल’ असेच लिहिले होते. म्हणजे मधली साडेसहा वर्षे देशभर किती मूल्यांकने तज्ज्ञाशिवाय झाली असतील याचा विचार करावा. जिल्ह्याच्या ठिकाणी मुलांचे मनोविकारतज्ज्ञ कोठून आणायचे, हा प्रश्न आजही आहेच.

कृष्णाकाठ, आपल्या रागाचा मी आदर करते. पण वय सोळावरून चौदावर आणले तर याच खोलीत, याच दोन आठवड्यांत, याच माणसांना चौदा वर्षांच्या मुलांबद्दल हाच निर्णय घ्यावा लागेल.

दूरदेशी

मी गेली अनेक वर्षे अमेरिकेत राहतो. येथे हा वाद आपल्यापेक्षा फार पुढे जाऊन परत फिरला आहे, म्हणून थोडे लिहितो.

१९९० च्या दशकात येथे किशोरवयीन गुन्हेगारांची भीती टोकाला गेली होती आणि एकामागून एक राज्यांनी मुलांना सज्ञान न्यायालयात पाठवणे सोपे केले. २००५ पर्यंत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना येथे मृत्युदंड देता येत होता. त्या वर्षी रोपर विरुद्ध सिमन्स या निकालाने तो थांबला. मग उरली ती मरेपर्यंत तुरुंग, पॅरोल नाही, ही शिक्षा. २०१२ मध्ये मिलर विरुद्ध अलाबामा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अठरा वर्षांखालील मुलाला अशी शिक्षा सक्तीने, म्हणजे वयाचा आणि परिस्थितीचा विचारच न करता, देणे घटनाबाह्य आहे. त्या निकालातील दोन्ही मुले गुन्ह्याच्या वेळी चौदा वर्षांची होती. २०१६ मध्ये हा निर्णय जुन्या कैद्यांनाही लागू झाला. मात्र २०२१ मध्ये न्यायालय थोडे मागे सरले आणि मूल सुधारण्यापलीकडचे आहे असा वेगळा निष्कर्ष न काढताही न्यायाधीशाला ही शिक्षा देता येईल असे ठरले.

२०१६ चा निकाल ज्याच्या अर्जावर झाला त्या हेन्री माँटगोमेरीने १९६३ मध्ये सतराव्या वर्षी एका पोलीस अधिकाऱ्याचा खून केला होता. निकाल त्याच्या बाजूने लागूनही पॅरोल मंडळाने त्याला दोनदा नाकारले. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो सुटला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता.

आता परिणामांविषयी. अशा शिक्षा भोगणारे कैदी सर्वाधिक होते ते फिलाडेल्फियात, सुमारे तीनशे. न्यू जर्सीतील माँटक्लेअर राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांतील सुटलेल्या १७४ जणांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी पुन्हा दोषी ठरले ते दोघे. हे लोक अनेक दशके तुरुंगात राहून उतारवयाकडे झुकलेले होते, त्यामुळे यावरून ‘शिक्षाच नको’ असे म्हणता येत नाही. पण सतराव्या वर्षी खून करणारा माणूस आयुष्यभर तसाच राहतो, या समजुतीला त्यातून उत्तर मिळते. शिवाय येथील रोगनियंत्रण केंद्रांशी संलग्न असलेल्या तज्ज्ञगटाने २००७ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा सज्ञान न्यायव्यवस्थेकडे पाठवलेल्या मुलांकडून पुढे होणारी हिंसा कमी होण्याऐवजी बहुधा वाढते असे दिसले. कठोर शिक्षेने आपली शहरे सुरक्षित होतील असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

कृष्णाकाठ

दूरदेशी, माहिती मोलाची आहे. पण दुसरी बाजूही ठेवतो. १९९३ मध्ये इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ दहा वर्षांच्या दोन मुलांनी दोन वर्षांच्या मुलाला पळवून मारले. २००१ मध्ये दोघांना नव्या नावांनी सोडले. त्यांतील एक नंतर मुलांच्या अश्लील चित्रांच्या गुन्ह्यांत पुन्हा तुरुंगात गेला. टक्केवारी कितीही लहान असली तरी तो एक जण कोणाच्या तरी घराशेजारी राहत असतो. त्याला सोडण्याचा निर्णय घेणाऱ्यांपैकी कोणी पुढच्या बळीच्या घरी जाऊन उत्तर देणार आहे का? माझी मागणी सूडाची नाही. मला सुरक्षितता हवी आहे आणि ती मागण्याचा मला अधिकार आहे.

कोर्टकचेरी

अधिकार निश्चित आहे. मात्र त्याच प्रकरणातील आणखी एक भाग आपल्या विषयाला थेट लागू पडतो. त्या मुलांनी किमान किती काळ आत राहावे हे न्यायाधीशांनी आठ वर्षे सांगितले, मुख्य न्यायाधीशांनी दहा केले, आणि मग एका वृत्तपत्राने जमवलेली लाखो वाचकांची मागणी तत्कालीन गृहमंत्र्यांकडे गेल्यावर त्यांनी ते पंधरा केले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९९७ मध्ये तो निर्णय रद्द केला आणि १९९९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने शिक्षेचा कालावधी राजकीय पदाधिकाऱ्याने ठरवणेच चुकीचे मानले. जनमताने कायदा बदलावा, ती लोकशाहीच आहे. पण एका विशिष्ट मुलाची विशिष्ट शिक्षा जनमताने ठरू नये.

पुण्यात हेच आपण जवळून पाहिले आहे. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले. प्रकरण खुनाचे नव्हे, सदोष मनुष्यवधाचे. निबंधाच्या अटीवर त्याच दिवशी जामीन मिळाल्याने जो संताप झाला तो मला पूर्णपणे समजतो, आणि पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचे आरोप झाले तेव्हा तर तो अधिकच योग्य वाटला. पण त्याला सज्ञान ठरवण्याची मागणी मुख्यतः तो श्रीमंत आहे म्हणून होत होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच स्पष्ट केले होते की ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा नाही तो अघोर गुन्ह्यांत मोडत नाही. जुलै २०२५ मध्ये मंडळाने पोलिसांचा अर्ज फेटाळला. तो मुलगा गरीब असता तर मी याच कायद्याचा आधार घेतला असता, म्हणून आताही घेतो.

पाऊलवाट

सगळी चर्चा वाचली. एक गोष्ट खटकली म्हणून लिहिते. मृत व्यक्तीच्या कुटुंबाचा उल्लेख प्रत्येक जण करतो आहे, पण तो शिक्षेच्या संदर्भातच. माझ्या नात्यातील एका घरात असा खून झाला. आरोपींत एक अल्पवयीन होता. घरच्यांना त्याच्या शिक्षेइतकाच त्रास एका साध्या गोष्टीचा झाला: त्याचे प्रकरण कोठे पोहोचले हे त्यांना कोणीही सांगत नव्हते. मूल अल्पवयीन आहे, माहिती गोपनीय आहे, एवढेच उत्तर मिळे. नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो हे त्यांना फार उशिरा कळले. अशा लोकांना मग फाशीची मागणी करणारा मोर्चा हीच एक जागा उरते जिथे कोणी त्यांचे ऐकते. त्या मुलाची ओळख जपायलाच हवी, पण तेवढ्यासाठी मृताच्या आईवडिलांना अंधारात ठेवण्याचे काय कारण आहे?

प्राजक्त

पाऊलवाट, आपण लिहिले ते वाचून वाईट वाटले आणि हा मुद्दा मूळ लेखात यायला हवा होता इतका तो महत्त्वाचा आहे. कलम ७४ मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. मृताच्या कुटुंबाला कार्यवाहीपासून दूर ठेवा असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. एप्रिल २०२२ मध्ये लखीमपूर खेरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पीडित पक्षाला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे असे सांगितले. गुरुग्रामच्या प्रकरणात तर मूल्यांकनाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेणाऱ्यांत मृत मुलाचे वडील स्वतः होते. त्या प्रकरणातील आणखी एक बाब कृष्णाकाठ यांनी लक्षात घ्यावी अशी विनंती आहे. खून झाल्यावर हरियाणा पोलिसांनी पहिल्यांदा शाळेच्या बसच्या कंडक्टरला पकडले होते, आणि देशाने त्यालाच गुन्हेगार मानले होते. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासानंतर तो निर्दोष ठरला आणि अकरावीतील विद्यार्थ्यावर आरोप आला. त्या पहिल्या आठवड्यात शिक्षा आपल्या हाती असती तर आपण कोणाला दिली असती?

आपली सुरक्षिततेची मागणी मी बाजूला सारत नाही. धोकादायक राहिलेल्या माणसाला आत ठेवण्याची तरतूद कलम २० मध्ये आहे. एकविसाव्या वर्षी त्याला सोडलेच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. पण ते मूल्यांकन अर्थपूर्ण व्हायचे असेल तर मधल्या तीन-चार वर्षांत त्या मुलाबरोबर कोणी तरी काम केलेले असले पाहिजे. अंतिम आदेशात प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक देखभाल आराखडा असावा असे कलम १९ सांगते, आणि परिवीक्षा अधिकाऱ्याने त्याचा पाठपुरावा करायचा असतो. परिवीक्षाताई, आपण पाहिलेल्या सुरक्षित स्थानांत असे आराखडे खरोखर चालवले जात होते का? शिक्षण, समुपदेशन, व्यसनमुक्ती यांपैकी प्रत्यक्षात काय होते?

परिवीक्षा

आराखडा फाइलमध्ये असे. दहावीची परीक्षा बाहेरून देण्याची सोय काही मुलांसाठी करता आली आणि त्यातले काही जण उत्तीर्णही झाले. समुपदेशक आठवड्यातून एखाद्या दिवशी येत, तेही पद भरलेले असेल तेव्हा. ज्या मुलांवर खुनाचा आरोप होता त्यांना बाकीच्यांपासून वेगळे ठेवण्याकडे कल असे, त्यामुळे शिवणकाम, सुतारकाम असे जे काही वर्ग चालत त्यांतूनही ती वगळली जात. त्यांच्याशी त्या घटनेविषयी, मेलेल्या माणसाविषयी आणि त्याच्या घरच्यांविषयी सलग, शांतपणे बोलणारे माणूस मी फार क्वचित पाहिले. एकदा एका मुलाने मला विचारले होते, त्या घरी पत्र लिहिले तर चालेल का. अशा पत्राची कोणतीही पद्धत आमच्याकडे नव्हती, आणि वकिलांनी सांगितले की खटला चालू असताना असे काही लिहू देऊ नका. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते. खटला संपल्यावर मात्र ते पत्र लिहून घेणारे आणि समोरच्या कुटुंबाची इच्छा असल्यास ते पोहोचवणारे कोणी असावे, असे मला अजूनही वाटते. यासाठी कायद्यात बदल करण्याची गरज नाही. परिवीक्षा अधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांना मिळून हे करता येईल.

पाऊलवाट

आमच्या घरच्यांनी ते पत्र घेतले असते की नाही हे मी सांगू शकत नाही. पण ते घ्यायचे का, असे त्यांना कोणी विचारले असते तर बरे झाले असते.

कृष्णाकाठ

वय खाली आणण्याबाबत माझे मत अजून तेच आहे. मात्र कलम ९५ खाली मुलांना वापरणाऱ्यांवर किती गुन्हे दाखल झाले आणि कलम २० खाली किती जणांचे मूल्यांकन झाले, ही माहिती जिल्हावार मागवणारा माहिती अधिकाराचा अर्ज करायला मी तयार आहे. कोर्टकचेरी, मसुदा आपण तपासून द्याल का?

कोर्टकचेरी

जरूर. एक सूचना: मुलांची नावे किंवा प्रकरण क्रमांक मागू नका, नाही तर अर्ज गोपनीयतेच्या कारणावरून फेटाळला जाईल. केवळ संख्या मागा, आणि मूल्यांकनाच्या वेळी तज्ज्ञ उपस्थित होते का हा प्रश्न वेगळा घाला. मसुदा निरोपातून पाठवा.